निवडुंगापासून जपलेलं पोर

त्या रात्री उमाला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण सासरच्या घरामागे शांतपणे उभं होतं. फड्या निवडुंग. धावडा गावच्या त्या मुरमाड बरडावर दुसरं काही धड उगवत नव्हतं. हा मात्र पाण्याच्या थेंबाशिवाय पुरुषभर उंच होऊन वर लालभडक बोंडं मिरवत होता. मेक्सिकोच्या वाळवंटातलं हे झाड नेमकं आपल्याच सासरी का आलं, हे तिला मोबाइलवर सापडलं नाही. बाकी सगळं सापडलं. बोंडावरची कुसं डोळ्यांना दिसत नाहीत, घशात अडकतात, निघता निघत नाहीत. (बी.एस्सी. बाईच्या हाती मोबाइल असला की तिला घाबरवायला दुसरं कुणी लागत नाही.)

उजाडताच तिने सासूबाईंना बजावलं, "आत्याबाई, पार्थला ती बोंडं अजिबात द्यायची नाहीत."

"अगं, आम्ही मातीत घोळसून कुसं काढायचो अन् खायचो. जीभ लाल, शू बी लाल! तुझा नवरा त्याच्यावरच वाढला."

नवऱ्याकडे पाहता हे काही समाधानकारक उत्तर नव्हतं.

दुपारी पाच वर्षांचा पार्थ भिंतीपाशी उभा राहून ओरडला, "आई, बघ! लाल शू!"

उमा धावत आली. "आत्याबाई, दिलीतच ना बोंडं?"

"देवाशप्पथ न्हाई! तू न्हाई म्हणल्यावर मी कशाला देऊ?" सासूबाईंचा चेहरा उतरला. "अन् बोंडं न्हाईत, तर मंग हे रक्तच की गं!"

दिली असती तर किती बरं झालं असतं, असं उमाला वाटून गेलं. किडनी, किडनी, एवढंच डोक्यात घणघणत होतं. तिने जालन्याला नवऱ्याला फोन लावला. "घाबरू नकोस," भालचंद्र इतक्या चिरक्या आवाजात म्हणाला, की ती दुप्पट घाबरली.

सासऱ्यांनी, तातेरावांनी, जल्दीनं जीप काढली. भोकरदनच्या दवाखान्याच्या वाटेवर पार्थ कळवळला, "दुखतंय."

"कुठं? पोटात? पाठीत?"

"हात. तू दाबलास."

डॉक्टरांनी लघवी तपासली. रक्ताचा अंशही नव्हता.

"निवडुंगाची बोंडं खाल्ली का यानं?"

"नाही!" सासू-सुना लग्नानंतर पहिल्यांदाच एका सुरात बोलल्या.

"मंग काय खाल्लंस रे बाळा?"

"बाहेरचं काहीच नाही हो," उमा मध्येच म्हणाली, "सगळं मी स्वतःच्या हातानं..."

"ड्रॅगन फ्रूट," पार्थ म्हणाला. "आतून लाल असतं ते. आईनं जालन्याहून आणलं."

डॉक्टर हसायला लागले. "ताई, तेही निवडुंगच! बोंडाचं चुलतभावंड म्हणा. रंग उतरतो लघवीत. उद्यापर्यंत बराबर होईल."

उमाला एकदम रडू कोसळलं. तिने सासूबाईंचे हात धरले. "उगाच आळ घेतला तुमच्यावर. चुकलंच माझं."

"ऱ्हाऊ दे गं, पोर बरं हाये ना." सासूबाईंनी डोळे पुसले. "पर हे डरागन का काय, आम्हाला घरात कसं दिसलं न्हाई?"

"कसं दिसेल, आजी?" पार्थ म्हणाला. "आई म्हणाली, महागाचं आहे, दार लावून खाऊ."