प्रा. देवरे यांचा सॉर्ट झालेला प्रबंध

त्र्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीआधी, अमळनेरच्या एका कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या प्रा. अभिमन देवरे यांनी स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं, की यापुढे कार्डांवर टिपणं काढणारा माणूस आणि गारगोट्या घासून चूल पेटवणारा माणूस यांच्यात त्यांना काही फरक दिसत नाही.

"तुमच्या प्रबंधाची सूची करायला तुम्हाला किती दिवस लागले होते?" त्यांनी इतिहासाच्या जीवराम पाटलांना विचारलं.

"चार महिने," पाटील म्हणाले.

"मला एक बटण लागेल."

पाटलांनी मान डोलावली आणि पुढ्यातलं भजं उचललं. आयुष्यात बटणं दाबणारे पुष्कळ पाहिलेला माणूस तो.

अभिमनरावांचा विषय होता खान्देशातली अहिराणी लग्नगीतं. नऊ वर्षं गावोगाव हिंडून त्यांनी चारशे बारा गाणी गोळा केली होती. त्यांची कार्डं साड्यांच्या सात खोक्यांत भरून ठेवलेली, आणि ती खोकी घरातल्या एकमेव कपाटात. त्यामुळे घरातल्या साड्या नऊ वर्षं दोरीवर. विद्यापीठाने तीनदा मुदत वाढवून दिली होती. चौथ्या पत्रात तीस नोव्हेंबर ही तारीख होती आणि तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. त्या दिवशी पाचच्या आत प्रबंध जळगावला पोचला नाही तर नोंदणी रद्द, आणि नऊ वर्षं पाण्यात.

त्यात मार्गदर्शक धुळ्याचे डॉ. तोताराम साळुंखे. सरांनी एका विद्यार्थ्याचा प्रबंध तळटीपांचे आकडे तिरके पडले म्हणून दोन वर्षं अडवून ठेवला होता. सरांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. सरांची सासुरवाडी म्हणजे पारोळ्याजवळचं, अभिमनरावांचंच गाव. पण त्या नात्याचा फायदा अभिमनरावांना कधी झाला नाही. झाला तो तोटाच, आणि तीच ही गोष्ट.

तर सायकलच्या दुकानावर झुलाल नावाच्या तरुणाने कॉम्प्युटर क्लास काढला होता. चपला जिन्यात काढायच्या, पाय पुसायचे आणि मग आत जायचं. देवळात निदान पाय पुसायची सक्ती नसते. झुलालच्या मशीनमध्ये मराठी अक्षरं उमटवणारं कार्ड होतं. अभिमनराव तिथे उन्हाळ्यापासून सहा महिने रोज दोन बोटांनी टाइप करत बसले होते आणि एव्हाना सगळी गाणी आत गेली होती. नंतर शोधा म्हटलं की ते मशीन 'हळद' हा शब्द कुठे कुठे आलाय ते पटापट दाखवायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा अभिमनराव खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

झुलालने एक नियम मात्र पढवून ठेवला होता. "सर, काम संपलं की लगेच दुसऱ्या फ्लॉपीवर प्रत करायची. मशीनचा भरवसा नाही."

अभिमनरावांचा भरवसा इतका की त्यांनी कार्डांची सातही खोकी न्हाणीघरातल्या बंबाशेजारी नेऊन ठेवली.

"अहो, राहू द्या की माळ्यावर," त्यांच्या बायको लिलाबाई म्हणाल्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं मोजकं. "ती काय भाकरी मागतायत?"

"लिला, काळाबरोबर चालायला शीक."

लिलाबाईंनी दोरीवरच्या साड्या काढायला घेतल्या. कपाट रिकामं होत होतं, तेव्हा त्यांनाही फार ताणून धरायचं नव्हतं. पुढे आठ दिवस देवऱ्यांच्या घरात आंघोळीचं पाणी लोकसाहित्यावर तापलं.

आता फक्त अनुक्रमणिका राहिली. ती अकारविल्हे लावायला मशीनमध्ये सॉर्ट नावाची सोय होती. बावीस नोव्हेंबरला दुपारी झुलाल जेवायला घरी निघाला. जाताना म्हणाला, "सर, गाण्यांच्या नावांची यादी आहे ना, तेवढीच निवडा आणि सॉर्ट करा. तेवढीच."

अभिमनरावांना वाटलं, पोरगा हुशार आहे, पण दूरदृष्टी नाही. यादीच का? आतली गाणीही त्याच क्रमाने लागली तर परीक्षकांना केवढं सोयीचं होईल. त्यांनी गाण्यांचं अख्खं चौथं प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत निवडलं आणि बटण दाबलं. मशीन अर्धा कप चहा संपेपर्यंत घरघरलं, मग 'काम पूर्ण' असं म्हणालं. अभिमनरावांनी ते साठवलं, आणि आज्ञाधारकपणे लगेच दुसऱ्या फ्लॉपीवर प्रत केली. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी पडद्यावर पाहिलं.

मशीनला गाणं म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ओळी कळत होत्या. त्याने चारशे बारा गाण्यांतली ओळ न् ओळ सुटी करून अकारविल्हे रांगेत उभी केली होती. हळदीच्या गाण्याची पहिली ओळ शेवटाकडे गेली होती आणि दुसरी पान चारवर आंब्याच्या डहाळ्यांत अडकली होती. नऊ तालुक्यांतले सगळे याही, म्हणजे आपले व्याही, शेवटच्या पानांवर एकाच पंगतीला बसले होते. त्यांना शिव्या कशाबद्दल द्यायच्या ते सांगणाऱ्या ओळी मात्र पुस्तकभर पांगल्या होत्या.

झुलाल ढेकर देत परत आला आणि पडदा पाहून उभाच राहिला.

"कुठून कुठपर्यंत निवडलंत सर?"

"सुरुवातीपासून."

"आणि?"

"शेवटपर्यंत."

"हरकत नाही, दुसरी फ्लॉपी आहे ना?"

"तिच्यावर प्रत केली," अभिमनराव म्हणाले. "लगेच केली."

झुलाल स्टुलावर बसला. "कार्डं तरी असतील सर?"

त्या दिवशी सकाळी अभिमनरावांनी चांगल्या कढत पाण्याने आंघोळ केली होती.

दुसऱ्या दिवशी ते लिलाबाईंना घेऊन एस.टी.ने गावी गेले. सोबत त्या पांगलेल्या ओळींचा, घड्याघड्यांच्या लांब कागदावर छापलेला गठ्ठा. गावोगाव गोळा केलेली बहुतेक गाणी गावातल्या झुंबर अक्कांनाही येत, सुरुवातही त्यांच्यापासूनच झालेली. अक्का सत्तरीच्या, आणि पंचक्रोशीत त्यांच्याशिवाय हळद लागत नसे. अभिमनरावांनी ओट्यावर कागद उलगडला तो पायरीखाली, तिथून गोठ्यापर्यंत गेला.

"हाई काय लई उना रे अभिमन?"

"अक्का, मी एक ओळ वाचतो. पुढची तुम्ही सांगायची." त्यांनी एक ओळ वाचली. "याच्यापुढे काय?"

"माले काय माहीत."

"अक्का, तुम्हीच सांगितलं होतं. चौऱ्याऐंशी साली."

"तव्हय लगीन व्हतं. लगीनमा ते आपोआप येस. आसं बठीसन कसं येई? हळदनं गानं म्हनाले कोणले तरी हळद लागो ना."

"आता कुणाला हळद लावणार?"

अक्कांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तूच शे ना."

कापूस वेचणीचे दिवस होते. पण अभिमनचं पुन्हा लगीन लागतंय म्हटल्यावर बायांनी शेतं सोडली. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीही राहिल्या होत्या, त्या आल्या. बेचाळीस वर्षांचे, दोन मुलांचे बाप असलेले प्राध्यापक बनियनवर पाटावर बसले. पाच सवाष्णींनी हळद लावली आणि अक्कांच्या शेजारच्या बेबाबाईने पहिला सूर धरला. मग काय विचारता, जात्यापासून मांडवापर्यंत एकामागून एक गाणी येत गेली. अक्का चुकल्या की बेबाबाई अडवायची, बेबाबाई चुकली की सगळ्याजणी. अभिमनरावांचे हात कोपरापर्यंत पिवळे, कागदाला लावायची सोय नाही. लिहून घेत होत्या लिलाबाई.

असं तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी अभिमनरावांना लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी पाठवणीची गाणी सुरू झाली आणि पाटावर बसल्या बसल्या त्यांचे डोळे भरून आले. नऊ वर्षं आपण ही गाणी उतरवून घेतली, ऐकली मात्र आज, असं त्यांना वाटलं आणि ते मनापासून वाटलं.

तिसऱ्या दिवशी गाळी राहिल्या. गाळी म्हणजे लग्नात व्याह्यांना आणि जावयांना गाण्यातून द्यायच्या शिव्या. त्या ऐकून रागवायचं नसतं. रागावला तो हरला, असा रिवाज. अभिमनरावांनी कार्डांवर नावाच्या जागी सरसकट 'अमुक' लिहिलं होतं.

"अमुक कोण शे?" अक्कांनी विचारलं.

"कुणीच नाही. नाव नको म्हणून तसं लिहायचं."

"नावबिगर गाळ लागस का? कोणले तरी देनी पडी."

तेवढ्यात कपाळावरची हळद ओघळून अभिमनरावांच्या डोळ्यांत गेली. "द्या अक्का, कुणालाही द्या," असं म्हणत ते चाचपडत मागच्या हौदाकडे गेले. हळद निघता निघत नव्हती. ओट्यावरून बायांच्या हसण्याचा कल्लोळ ऐकू येत होता. काम रंगलंय म्हणून त्यांना समाधान वाटलं.

लिलाबाईंची वही थेट झुलालकडे गेली. त्याने दोन दिवसांत सगळं टाइप केलं, प्रिंटर किरकिरत राहिला, बाइंडिंग ओलं असतानाच अभिमनरावांनी तीस तारखेची पहिली गाडी पकडून धुळे गाठलं. वाचायला वेळ कुणाला होता? साळुंखे सर एका बैठकीला निघाले होते. 'सदर प्रबंधातील प्रत्येक ओळ मी स्वतः वाचून पडताळली असून ती अचूक आहे,' या वाक्याखाली सरांनी पायात चपला घालता घालता सही केली. नऊ वर्षांत प्रथमच सरांनी आपल्यावर विश्वास टाकला, म्हणून अभिमनराव गहिवरले. पावणेपाचला प्रबंध जळगावला जमा झाला.

तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये निघाली. जळगावचा एप्रिल. परीक्षक पुण्याहून आलेले, मान पुसून पुसून बेजार. साळुंखे सर त्यांच्या शेजारी. मागच्या बाकावर सरांच्या पत्नी प्रमिलाबाई, परीक्षकांसाठी खापरावरच्या मांड्यांचा डबा मांडीवर घेऊन.

"पहिली तीन प्रकरणं ठीक आहेत," परीक्षक म्हणाले, म्हणजे वाईट आहेत. "पण चौथं अपूर्व आहे. गाणी विधींच्या क्रमाने लावायची ही पद्धत तुम्हाला कशी सुचली?"

"प्रत्यक्ष अनुभवातून," अभिमनराव म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"आणि या गाळी. किती जिवंत आहेत." परीक्षकांनी चष्मा सारखा केला आणि आपल्या पुणेरी उच्चारांत सावकाश वाचलं:

"जवाई आम्हना तोताराम, पोथ्या वाचस चार,
झुरळ दखताच खाटवर चढस, बायको काढस बाहेर."

ही ओळ अभिमनरावही पहिल्यांदाच ऐकत होते. हौदावरचं पाणी, बायांचं हसणं, सगळं त्यांच्या डोक्यात एका क्षणात लागलं, तेही बरोब्बर क्रमाने.

"यातला तोताराम कोण?" परीक्षकांनी विचारलं. मग त्यांची नजर टेबलावरच्या दाखल्यावर, तिथून सहीवर आणि सहीवरून शेजारच्या खुर्चीवर गेली. "सर, प्रत्येक ओळ आपण स्वतः पडताळली आहे, असं इथे लिहिलंय."

साळुंखे सर ताठ बसले होते. नाही म्हणावं तर दाखला खोटा, प्रबंध परत, देवऱ्यांची नऊ वर्षं गेली आणि सरांची अब्रूही. हो म्हणावं तर झुरळ. अभिमनरावांनी मनातल्या मनात झुंबर अक्कांपासून विद्यापीठापर्यंत सगळ्यांना हात जोडले.

"पडताळली आहे," सर म्हणाले.

"हीसुद्धा?"

"हीसुद्धा. अचूक आहे."

परीक्षकांनी उभं राहून सरांचा हात हातात घेतला. संशोधनासाठी स्वतःला असं उघडं करणारा मार्गदर्शक आपण पाहिला नाही, म्हणाले, आणि डॉक्टरेटची शिफारस तिथल्या तिथे लिहून दिली.

बाहेर व्हरांड्यात सरांनी अभिमनरावांना खांबाआड घेतलं. आता आपली धडगत नाही, असं त्यांना वाटलं. पण सरांचा आवाज अगदी खाली होता.

"देवरे, झुरळाचं तुमच्या गावात कुणाला कसं कळलं?"

उत्तर मागून आलं.

"पहिली ओळ झुंबर अक्कानी शे," प्रमिलाबाई डब्याचं झाकण घट्ट करत शांतपणे म्हणाल्या. "दुसरी मनी." मनी म्हणजे माझी. " मी दिवाळीले माहेरलेच व्हतू ना."

"आणि पुढचं ते, दार लावून भांडी घासण्याचं?" परीक्षकांच्या शेजारी बसून सरांनी पुढची पानंही पाहिली होती.

"ते बठ्ठं मनं." म्हणजे सगळंच त्यांचं.

सर खांबाला टेकले. रागवायचं नव्हतं, रिवाज त्यांनाही ठाऊक होता.

अभिमनराव डॉक्टर झाले, हे खरं. पण परीक्षकांनंतर त्यांचा प्रबंध अजून कुणी वाचलेला नाही. ग्रंथालयातली प्रत पहिल्या दिवसापासून साळुंखे सरांच्या नावावर आहे. दर पंधरा दिवसांनी सर धुळ्याहून जातीने जळगावला येतात आणि ती पुन्हा आपल्याच नावावर करून घेतात. अभिमनरावांकडे त्यांची स्वतःची एक प्रत होती, ती प्रमिलाबाई मागून घेऊन गेल्या. घरात एक असलेली बरी, म्हणाल्या.