मोहनरावांच्या उरलेल्या नळीचं पेटंट

मोहनरावांनी ठरवलं, गोबरगॅसच्या शोधाचं पेटंट घ्यायचंच. सोलरचं गरम पाणी शेणाच्या टाकीतून फिरवलं की ऐन थंडीतही गॅस मरत नाही, हे त्यांनी अख्ख्या वडगाव निंबाळकरला ऐकवलं होतं. (शोध लागला कसा, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.)

बारामतीचे वकील म्हणाले, "एरवी वर्षानुवर्षं जातील. अर्जदार बाई असेल तर अर्ज लवकर तपासून मागता येतो."

"बाई हाय की घरात! समदीकडं तिचंच नाव टाका, म्हंजी आणखी लवकर व्हईल," मोहनराव म्हणाले आणि बायकोच्या, बनाबाईंच्या, सह्या घेऊन मोकळे झाले. नाव तिचं असलं तरी मान आपलाच, असा त्यांचा हिशेब. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी येताना भजीही आणली.

चारच महिन्यांत मोबाइलवर सुनावणी लागली. मोहनरावांनी दोन पानं लिहून बनाबाईंकडून घोकून घेतली. बिचारी धार काढतानाही "औष्णिक संतुलन, औष्णिक संतुलन" पुटपुटायची. म्हैस बिथरली, दूध चोरायला लागली.

सुनावणीला लेकीनं, प्राचीनं, मोबाइल धरला. पेटंट ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, "बाई, कल्पना सुचली कशी?"

बनाबाईंनी एकदा पानांकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, आणि पानांची घडी घातली.

"खरं सांगू का सायेब? सोलर ह्यांनी सोताच बसवला. नळी उरली, तर कापंनात. 'पुढं उपयोगी पडंल' म्हणून जोडलेलीच वेटोळं करून शेणाच्या टाकीत सोडली. पंधरा दिवस समद्यांनी गार पाण्यानं आंघोळी केल्या. पर हिकडं माजं दूध सारखं उतू जाया लागलं. म्हनलं, थंडीत गॅसला एवढा जोर कुठनं? मग नळी धुंडाळली आन मधी चावी बसवली. सकाळी पाणी न्हाणीला, दुपारी टाकीला."

"वा!" साहेब म्हणाले.

मोहनरावांना राहवेना. त्यांनी मोबाइलसमोर मुंडी घातली. "सायेब, मूळ कल्पना माजी हाय!"

"आपण कोण?"

"मी... नळी!" एवढंच तोंडातून निघालं.

वर्षाच्या आत पेटंट मिळालं. शोधक बनाबाई, अर्जदारही बनाबाई. मोहनरावांना दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी वकिलांचा फोन आला, "अहो, निकालाच्या कागदात तुमचंही नाव आहे बरं का."

मोहनरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं! त्यांनी डेअरीवर पेढे नेले, दूध घालायला आलेली माणसं थांबवली आणि प्राचीला कागद मोठ्यानं वाचायला लावला. ती इंग्रजीचं मराठी करत वाचू लागली, "अर्जदाराचे पती मोहनराव यांनी नळी चुकीच्या जागी सोडल्याने बिघाड झाला. सदर बिघाड अर्जदाराने दूर केला."

मग म्हाताऱ्या दत्तोबांनी पेढा तोंडात टाकला.

"म्हंजी मोहनराव, बिघाड तेवढा सरकारनं तुमच्या नावावर केला म्हणायचा!"