टपाल कोणाचंही अडवायचं नाही

यामिनीने बंगळुरूच्या मसाला कंपनीला ईमेलने पाठवलेला होकार दुपारी पुन्हा परत आला, तेव्हा तिने टेबलावर असा काही हात आपटला की चहाची बशी उडून फाइलवर पडली. हळदीची ऑर्डर पक्की करायची मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंत होती. देवळीच्या शेतकरी कंपनीची ती व्यवस्थापक. त्या मसालेवाल्यांच्या मागे लागून तिने वर्ष घालवलं होतं. "व्यापाऱ्याले देऊ नका, थांबा, मी चांगला भाव आणतो," असं गावोगावच्या बायांना सांगून तिने हळद घरात ठेवायला लावली होती. होकार पोचला नाही, तर ती सगळी हळद त्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर जाणार होती आणि सोबत यामिनीचा शब्दही.

तिने फोन लावला. तिकडचे खरेदी अधिकारी फार सभ्य होते, त्यामुळे जास्तच राग आला. तुमच्या कंपनीच्या नावाने जगभर कचऱ्याची पत्रं जातात, आम्हालाही आली, म्हणून आमच्या मशीनने तुमचं नाव अडवलंय, असं ते म्हणाले. दुसऱ्या पत्त्यावरून पाठवते म्हटलं, तर नियम आडवा आला. होकार हवा तो कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्यावरूनच.

आता देवळीसारख्या गावातल्या कंपनीला स्वतःचा मेल सर्व्हर कशाला हवा होता? कोणालाच नको होता. फक्त अध्यक्षांना हवा होता. अध्यक्ष महादेवराव रोहण्याचे निवृत्त पोस्टमास्तर. दुसऱ्याच्या फुकटच्या टपालावर कंपनी चालवणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांच्या पुतण्याने, मुकेशने, एका जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर उभा केला, त्याला हार घातला, फीत कापायला पुढारी आणला. पुढाऱ्याने हौसेने आपल्या फोनवरून एक पत्र पाठवून पाहिलं आणि सर्व्हरने त्याला परवानगी नाही म्हणून सांगितलं. सर्व्हरने त्या दिवशी केलेलं ते एकमेव शहाणपणाचं काम. पण महादेवराव मेल्याहून मेले. टपाल कोणाचंही असो, अडवायचं नाही, असा त्यांनी तिथल्या तिथे हुकूम दिला आणि मुकेशने परवानगीचं कुलूपच काढून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही भामट्याने यावं आणि देवळीच्या नावाने हवं त्याला हवं ते पाठवावं.

मुकेश हिंगणीला मित्राच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, होता. यामिनीने फोन लावला, तर मागे बँड वाजत होता.

"मुकेश, ते कुलूप लाव. आत्ताच्या आत्ता."

"काकाले विचारलं का?"

"काका आपल्या खोलीत हाय. अन् हळद बायांच्या घरात हाय. तू ठरव."

मुकेशला कंपनीच्या सभेतल्या बाया आठवल्या असाव्यात. त्याने तिथूनच फोनवर खटपट करून ऑफिसातल्या मशीन सोडून बाकी सगळ्यांना बंदी केली. यामिनीने सर्व्हरच्या पडद्यावर नजर ठेवली. बाहेरून येणाऱ्यांना धक्के बसू लागले, तसा तिचा जीव थोडा भांड्यात पडला. पण जाणारी पत्रं थांबेनात. हळूहळू का होईना, एक गेलं की दुसरं जात होतं. ती खुद्द ऑफिसातून जात होती. अध्यक्षांच्या खोलीतून.

महादेवराव नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून एका बोटाने टाइप करत होते. चेहऱ्यावर समाधान होतं. सर्व्हर बसवला तेव्हा 'पोस्टमास्तर' नावाची पेटी त्यांनी आग्रहाने स्वतःकडे घेतली होती. भामट्यांची जी पत्रं चुकीच्या पत्त्यामुळे परत येत, ती सगळी या पेटीत पडत.

"काका, तुमी काय करून राह्यले?"

"रोजचंच. लोकायले पत्ते लिहिता येत नाई पोरी. कोणाचं एक अक्षर चुकते, कोणाचा टिंबच राहून जाते. मी दुरुस्त करतो अन् पुन्हा पाठवतो."

"पुन्हा पाठवता? कवापासून?"

"उद्घाटन झालं तवापासून. रोहण्याले होतो तवा पत्ता सापडत नाई म्हणून एक पत्र मी परत जाऊ देल्लं नाई."

"अन् त्यात काय लिवलं असते, ते वाचता तरी?"

महादेवरावांनी चष्मा काढला. एवढा अपमान त्यांचा खात्याने कधी केला नव्हता. "दुसऱ्याचं टपाल उघडत नसतात," ते म्हणाले, आणि पुन्हा टाइप करू लागले.

तिने समजावलं. ही चोरांची पत्रं आहेत म्हणाली. चोरालाही आई असते, तिला खुशाली कळवत असेल, असं उत्तर आलं. कंपनीचं नाव खराब होतंय म्हणाली, तर उलट नाव देशोदेशी पोचतंय असं त्यांचं मत पडलं. त्या पत्रांत खरं काय असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण वडिलांच्या वयाच्या माणसापुढे ते तोंडातून निघेना. घड्याळ चार वाजायला आल्याचं दाखवत होतं. तेवढ्यात विमलाबाई, म्हणजे महादेवरावांच्या मंडळी, दुपारचा रिकामा डबा न्यायला आल्या. यामिनीने एक पत्र उघडलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पत्र हिंदीत होतं. विमलाबाईंना हिंदी चांगली येत होती.

त्यांनी शांतपणे, मोठ्याने वाचलं. मर्दानी ताकदीचं तेल. रातभराची हमी. साठीनंतरही जवानी. आणि खाली महादेवरावांनी प्रत्येक पत्राला शिक्क्यासारखी जोडलेली आपली ओळख होती: महादेवराव, पोस्टमास्तर (निवृत्त), देवळी.

विमलाबाईंनी पडद्यावरून नजर नवऱ्याकडे वळवली.

"अवो," विमलाबाई म्हणाल्या, "हे काऊन सांगून राह्यले तुमी लोकायले? अन् तेही सही करून?"

महादेवरावांनी एका बोटाने टाइप करणं थांबवलं. आता कोणाचंच टपाल आपण पाठवणार नाही, हे त्यांनी डब्याकडे बघत सांगितलं. विमलाबाई डबा घेऊन निघाल्या, त्या दारात एकदा थांबून हसू दाबून गेल्या.

यामिनीने बंगळुरूच्या अधिकाऱ्यांना पुन्हा फोन लावला, दार बंद केल्याचं शपथेवर सांगितलं आणि गयावया केली. पाचला थोडाच वेळ असताना त्यांनी नाव मोकळं केल्याचा निरोप दिला. तिने होकार पाठवला, तर तिच्याच सर्व्हरने तिला सांगितलं, परवानगी नाही. मुकेशच्या हिशेबात ऑफिसातली मशीन म्हणजे काकांची मशीन. बाकी माणसं काय, चहा प्यायला येतात. मुकेशला फोन केला. तिकडे टिळ्याचा फोटो निघत होता, तो उचलेना.

ती अध्यक्षांच्या खोलीत गेली. "काका, एक पत्र पाठवाचं हाय. शेवटचं."

"मी सोडलं ते काम."

"आपल्या हळदीचं हाय, काका. बायायले मी शब्द देल्ला हाय."

महादेवरावांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी चष्मा चढवला. "आण. पण आधी वाचीन."

आणि त्यांनी वाचलं. पहिल्या अक्षरापासून. ओलावा म्हणजे कसला, हे विचारलं. माल पोचवण्याची हमी आली तेव्हा थबकून, ही हमी रातभराची तर नाही ना, याची खात्री करून घेतली. यामिनी नखं खात उभी होती. पाच वाजता वाजता त्यांनी बोट उचललं, पत्ता एकदा तपासला आणि पत्र सोडलं. सवयीने खाली त्यांची ओळख गेलीच.

उत्तर लगेच आलं. ते पोस्टमास्तरसाहेबांच्या नावे होतं, पण एवढं वाचून महादेवरावांच्या डोळ्यांसमोर अक्षरं नाचत होती, म्हणून यामिनीनेच वाचलं. होकार वेळेत मिळाला. माल पहिल्या तारखेला पाठवावा. आणि खाली, जरा संकोचून, खरेदी अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी एक चौकशी केली होती: मागे आपण ज्या तेलाबद्दल लिहिलं होतं, ते कुठे मिळतं?

"काय म्हणून राह्यला?" महादेवरावांनी विचारलं.

"हळद घेतो म्हणते."

"अन् खाली काय हाय ते?"

यामिनीने पडदा आपल्याकडे वळवून घेतला. "काका, दुसऱ्याचं टपाल उघडत नसतात."