गुडघ्यासाठी छापलेला कान

माणसाचे सगळेच अवयव कुरकुरतात, पण ती कुरकुर चारचौघांत ऐकू जावी अशी सोय निसर्गाने फक्त गुडघ्याला दिली आहे. त्यातही माझा डावा गुडघा स्पष्टवक्ता. (घराण्याचा गुण.) दोन हाडांमध्ये कूर्चा नावाची मऊ गादी असते, ती झिजली की हाडावर हाड घासतं. माझी झिजली. मी तिसऱ्या मजल्यावर, धाकटी जाऊ समोरच्या इमारतीत तळमजल्यावर, मध्ये चोपन्न पायऱ्या. दोन वर्षं आमचं भांडण फोनवर चाललंय. त्यात दम नाही. हरायला लागली की ती "आवाज येत नाही" म्हणून ठेवून देते.

काळजीचं कारण नव्हतं, कारण माझी थोरली लेक ज्या संस्थेत आहे तिथे कूर्चा छापतात. हो, छापतातच. जिवंत पेशी घातलेला चिकट लगदा म्हणजे शाई, ती सुईतून थरावर थर सोडायची. संस्था अत्यंत कार्यक्षम आहे. गुडघ्यांसाठी स्थापन झाल्यापासून नऊ वर्षांत तिने एकशे बारा कान छापले. गुडघ्याच्या गाद्या, शून्य.

याला भक्कम कारण आहे. गुडघ्याची गादी दिसते अंघोळीच्या साबणाच्या उरलेल्या चिपटीसारखी. पाहुण्यांना दाखवली की ते विचारतात, "बरं, आणि मुख्य वस्तू?" कान मात्र कानासारखा दिसतो. त्यातही कूर्चाच असते, म्हणजे खोटं काही नाही. तेव्हा गुडघ्याची प्रगती कानाने मोजावी, असा ठराव झाला.

लेकीची अडचण वेगळी. शाई पातळ झाली की पसरते, घट्ट झाली की सुई तुंबते. एका दुपारी तिने मला दाखवायला नेलं. खाली उतरवायला दोन जावई आणि एक खुर्ची लागली. (जाऊबाईंकडे खुर्चीतून जाणं मला शोभत नाही.) मी जन्मभर कागदी पिशव्यांना खळ लावली आहे. सुईखाली पाहिलं.

"थेंब पडतोय म्हणजे कच्ची आहे. तार लोंबली पाहिजे."

"आई, हे शास्त्र आहे गं."

"असू दे. जरा गार होऊ दे, मग सोड."

वीस मिनिटांनी तार लोंबली. नखाएवढी गादी छापली, बोटाने दाबली, तर पुन्हा वर आली. लेकीने नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

उरलेल्या शाईत एक पुरती गादी होणार होती. ती आधी चाचणीला, मग पुढे कधीतरी माझ्यासारखीला. संचालक मनापासून हरखले.

"इतकी उत्तम शाई! उद्या पाहणी समिती येतेय. मोठा कान काढा."

"सर, शाई एकाच वस्तूपुरती आहे. पुढची यायला आठ महिने."

"म्हणूनच तर म्हणतोय, कान."

समितीत एक रुग्ण असावा असा नियम आहे, म्हणून मला घेतलं. निळ्या मखमलीवर कान ठेवला होता, अगदी पाळीसकट. (पाळीत कूर्चा नसते. फोटोत मात्र पाळी लागते.) सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आक्षेप घेणार होते. आक्षेप उभं राहून नोंदवायचा असतो. मी उठायला सुरुवात केली. निम्मी उठेपर्यंत कानाच्या अभिनंदनाचा ठराव मंजूर झाला, आभार झाले, चहा आला.

इतिवृत्तात लिहिलं आहे: "रुग्ण प्रतिनिधींनी भारावून, जागेवरून अर्धवट उठून, कानास मानवंदना दिली."

खाली माझी सही आहे. खुर्चीतून घरी न्यायचं होतं, जावई खोळंबले होते.

तुम्हाला हसू येत असेल. हसून घ्या, आणि मग जिथे बसलात तिथून जरा उठून बघा.

ऐकू आलं ना? संस्थेत या. कान लगेच मिळेल. गुडघ्याच्या रांगेत माझ्या मागे उभे राहा, उभं राहता येतंय तोवर.