खिशातून चोरीला गेलेली पत्रिका

"मले आजवर कोणी फसवलं नाई!" असं खुशालराव दिवसातून एकदा तरी म्हणत. आणि ते खोटं नव्हतं! अमरावतीजवळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी उभी नोकरी मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून काढली होती. गाडीतला कापूस वरून कितीही पांढराशुभ्र दिसो, खुशालराव कोपरापर्यंत हात आत खुपसत आणि तळातला ओला कापूस, कधी एखादा धोंडासुद्धा बाहेर काढून गाडीवाल्याच्या नाकासमोर धरत. "वरचा कापूस पांढराच असते!" हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. पुढे ते निवृत्त झाले, पण हात खुपसायची सवय काही निवृत्त झाली नाही. वांगी घेतानाही ते टोपलीच्या तळाशी जात.

त्यातून ती वर्षंच तशी होती. बियाणं बोगस, खतात भेसळ, औषधात पाणी. शेजाऱ्यानं शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजमधली गाय निम्म्या किमतीत आणली, तर ती सगळ्या घराला पुरेल एवढं खायची आणि दूध द्यायची चहापुरतं. तेव्हापासून 'स्वस्त' म्हटलं की खुशालरावांच्या कपाळावर आठी चढे, आणि 'फुकट' म्हटलं की ते दाराला कडी लावत.

अशा माणसाला जावई मिळाला, आणि तो हुंडा नको म्हणाला!

जावई म्हणजे अकोल्याचा संघपाल. तिथल्या एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवायचा. हसरा, सरळ पोरगा. खुशालरावांच्या लेकीला, शाळेत शिकवणाऱ्या माधवीला, तो एवढा पसंत होता, की त्याचा फोन आला की ती थेट गच्चीवर जायची. पण खुशालरावांची झोप उडाली.

"काहून नको म्हणते हुंडा? पोरात काही खोट त नसन?"

"अवो, चांगला हाय म्हणून नको म्हणते," त्यांच्या पत्नी बेबीताई म्हणाल्या.

"उगाच कोणी चांगलं नसते, माधवीची माय!"

लग्नाची पत्रिका खुशालराव स्वतः टाइप करणार होते. छापखान्यातल्या पोरांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यासाठी त्यांनी एक चिमुकला जुना लॅपटॉप विकत आणला होता. उलटा करून, हलवून, कानाशी लावून, पूर्ण तपासून! घरी आल्यावर त्यातून एवढे व्हायरस निघाले की तो चालू होईपर्यंत बेबीताईंचा स्वयंपाक उरकायचा. ही गोष्ट माधवीनं गच्चीवरून अकोल्याला कळवली. पुढच्या रविवारी संघपाल तीन पेन ड्राइव्ह घेऊन हजर झाला.

"मामा, यातली विंडोज सिस्टीम काढून लिनक्स टाकू. याले व्हायरसचा तरास नाई. तीन प्रकार आणले, पाहून घ्या."

"कितीले?"

"फुकट हाय."

खुशालरावांनी दाराकडे पाहिलं. पण जावयासमोर कडी कशी लावणार? त्यांनी चष्मा चढवला आणि ग्रेडिंग सुरू केलं. पहिला फेडोरा. चालू होताना त्यानं काळ्या पडद्यावर भराभर ओळी पळवल्या. "एवढ्या घाईनं काय लपवून राहिला हा?" नापास! दुसरा मिंट. हिरवागार, देखणा. "लई गोड दिसते." नापास! तिसरा उबंटू. त्यानं मात्र थांबून दोन बटणं पुढे केली. संघपालनं अर्थ सांगितला, पहिलं 'वापरून पाहा' आणि दुसरं 'बसवा'.

खुशालरावांचा चेहरा खुलला. "हा मानूस खरा! विकायच्या आधी माल दाखवते. हाच ठेवा. पन बसवायची घाई नाई. मी आधी वापरून पाहीन."

"मामा, वापरून पाहा, पन त्यात एक गोष्ट..."

"गुण सांगू नका, बापू! आपल्या मालाचे गुण सगळेच सांगते. माहं मी पाहून घेईन."

बिचारा संघपाल! होणाऱ्या सासऱ्यापुढे किती बोलणार? चहा पिऊन अकोल्याला गेला.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी दोन बोटांनी अख्खी पत्रिका टाइप केली. पडद्यावर बुद्धमूर्तीचं चित्र लावलं. मग लॅपटॉप बंद केला, पेन ड्राइव्ह काढला, बंडीच्या आतल्या खिशात टाकला आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. "आता याले कोणी हात लावून दाखवा!"

सकाळी पेन ड्राइव्ह लावला, पहिलं बटण दाबलं, तर पत्रिका गायब! बुद्धमूर्तीचं चित्रही गायब! पिन मात्र जागच्या जागी!

असलं काम घरातलंच माणूस करू शकतं. आणि घरात कारण कोणाला होतं? बेबीताईंना! त्यांचे भाऊ वामनराव गल्लीच्या टोकाला राहत, आणि पत्रिकेत त्यांचं नाव चौथं होतं. खुशालरावांनी पत्रिका पुन्हा टाइप केली. वामनरावांना पहिल्या नंबरवर बसवलं आणि ते बेबीताईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. बेबीताई मेथी निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

सकाळी पत्रिका पुन्हा गायब! तेवढ्यात तिवस्याहून मोठ्या बहिणीचा, सुंदराबाईंचा फोन.

"खुशाल, माहं नाव कुठी टाकलं?"

"वरच हाय, बाई."

"वर म्हंजे कितवं?"

बरोबर आजच विचारते! खुशालरावांचे डोळे बारीक झाले. त्यांनी वामनरावांना खाली ढकललं आणि सुंदराबाईंना नातवंडांसकट पहिल्या ओळीत घेतलं. तरी दुसऱ्या दिवशी पडदा धुतल्यासारखा स्वच्छ! इकडे छापखानेवाला रोज विचारत होता, "साहेब, पत्रिका कधी देता?" नातेवाईक विचारत होते, "लग्न हाय ना नक्की?"

आणि खुशालरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेन ड्राइव्ह दिला कोणी? संघपालनं! फुकट कोणी दिला? संघपालनं! हुंडा कोणाला नको? संघपालला! म्हणजे पोराला लग्नच करायचं नाही! पत्रिका निघणार नाही, लग्न टळेल आणि दोष येईल मुलीच्या बापावर! त्यांनी तडक अकोल्याला फोन लावला.

"बापू, तुमच्या मनात काय हाय ते मोकळं सांगा."

"काही नाई, मामा. काय झालं?"

"काही नाई म्हंता, म्हंजे नक्कीच काहीतरी हाय!" आणि फोन ठेवून दिला.

दाराआडून माधवीनं ऐकलं. त्या दिवशी ती गच्चीवर गेली नाही, जेवलीही नाही.

सकाळी दारात जीप थांबली. संघपाल आणि त्याचे वडील धर्मपाल उतरले. जीप पाहून वामनरावही धावत आले. धर्मपाल शांत माणूस, पण आज त्यांनी पाण्याच्या ग्लासालाही हात लावला नाही.

"जयभीम, खुशालराव. आमच्या पोरात काय खोट काढली, ते चारचौघात सांगा. नाई त हे लग्न इथीच थांबलं समजा."

"खोट? माह्या खिशातून पत्रिका चोरीले जाऊन राहिली!" खुशालराव उसळले आणि त्यांनी पिन, बंडी, बुद्धमूर्ती असं सगळं सांगून टाकलं. त्या ओघात कोणाकोणावर संशय घेतला तेही निघालं. बेबीताईंनी कमरेवर हात ठेवले. वामनराव म्हणाले, "मी पयला होतो? मंग खाली कावून आलो?"

संघपालनं मात्र शांतपणे पेन ड्राइव्ह लावला. दोन बटणं आली.

"मामा, रोज कोणतं दाबता?"

"पयलं! पारखल्याबिगर बसवन कोण?"

"मामा, तेच सांगत होतो त्या दिवशी. हे निस्तं पाहण्यापुरतं असते. बंद केलं का सगळं पुसून जाते, पत्रिका बी आन् चित्र बी. कोणीच चोरलं नाई. रोज तुमीच बंद करून राहिले."

खुशालरावांचा हात बंडीच्या रिकाम्या खिशाकडे गेला. उभ्या नोकरीत खुशालरावांनी कितीतरी चोर पकडले होते, पण बंडीच्या आत बसलेला हा पहिलाच.

मग माधवी पुढे आली. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"बाबा, एक सांगा. संघपालले तुमी कोणत्या बटनावर ठेवलं? पयल्या का दुसऱ्या?"

खुशालराव लॅपटॉपजवळ सरकले. त्यांनी पोरीकडे पाहिलं, संघपालकडे पाहिलं. या वेळी त्यांनी काही उलटं केलं नाही, हलवलं नाही, तळ पाहिला नाही. दुसरं बटण दाबलं.

"बसवा, बापू," ते म्हणाले. "जुनं सगळं पुसून बसवा."

धर्मपालांनी पाण्याचा ग्लास उचलला. बेबीताईंनी पोहे टाकले. लिनक्स बसेपर्यंत माधवीनं पत्रिका हातानं लिहून छापखान्यात पाठवूनही दिली, आणि सुंदराबाई अन् वामनराव एकाच ओळीत शेजारी शेजारी बसले.

बसवता बसवता मशीननं पासवर्ड मागितला. खुशालरावांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं, व्याह्यांनासुद्धा! दुपट्टा पांघरून त्यांनी पासवर्ड टाकायला घेतला. पण वामनराव टकटक मोजत असावेत असं वाटलं, म्हणून ऐन वेळी मधली दोन अक्षरं बदलून टाकली.

लिनक्स बसलं. मशीन पुन्हा चालू झालं आणि त्यानं नम्रपणे पासवर्ड विचारला. खुशालरावांनी टाकला. चूक! पुन्हा टाकला. चूक! कोणती दोन अक्षरं बदलली होती, काही केल्या आठवेना.

"मामा, लिहून ठेवला नाई?"

"लिहून? म्हंजे कोणी वाचावं?" खुशालरावांनी घाम पुसला, चष्मा सारखा केला आणि हळूच मान वळवून वामनरावांकडे पाहिलं.

"वामनराव, खरं सांगा. माहा पासवर्ड बदलला कोणी?"