मधुदादांना आवाज पाहिजे

आमच्या घरात कुणाला मुकाट्यानं आंघोळ करता येत नाही. न्हाणीत शिरून पहिला तांब्या अंगावर ओतला की बाहेरून हाक येते, "अंदर कोन हाये? आवाज द्या."

हे आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नाव मधुकर, पण गाव त्यांना मधुदादा म्हणतं. आतल्या माणसानं "मी हाये" म्हटलं की ते ओसरीपर्यंत जातात, तंबाखू मळतात आणि परत येतात. "अजून हायेस ना?" साबण डोळ्यांत गेलेला असो की तोंडात, उत्तर द्यावंच लागतं.

माझी पंचाईत आणखी निराळी. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नसतं. ते समोर आले की डोक्यावर पदर ओढायचा आणि भिंतीकडे सरकायचं. त्यांनाही काही हवं असलं तर ते आमच्या पोरीला सांगणार, "पिंके, तुह्या मायले म्हना चहा पायजे," आणि तिची माय तिथंच हातभर अंतरावर भाकरी थापत असते. मी बडनेऱ्याची, रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली. आमच्याकडे असलं काही नव्हतं. पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं आणि पुढे त्या गेल्या तरी सवय राहिली. आता बंद न्हाणीतून भासऱ्यांना आवाज द्यायचा कसा? मी तांब्या बादलीवर वाजवायची. टण्. बाहेरून "बरं" यायचं. इतक्या वर्षांत आमचं दोघांचं जे काय बोलणं झालं ते एवढंच, टण् आणि बरं.

घरातल्या सगळ्या कड्या त्यांनी एका दुपारी पेचकस घेऊन काढून टाकल्या. संडासाचीसुद्धा. दिवाळीला नणंदेचे यजमान नागपूरहून आले, आत गेले, बाहेरून हाक आली. बिचारा नोकरदार माणूस, असल्या जागी बसून गप्पा मारायची सवय नाही, गप्प राहिला. मधुदादांनी दार ढकललं. तेव्हापासून जावईबापू आमच्याकडे मुक्काम करत नाहीत, जेवून लगेच निघतात.

विहिरीचा दोर ते गादीखाली घालून झोपायचे. पाठीवर वळ उठायचे आणि सकाळी कण्हत कण्हत तो दोर अंगणात आणून टाकायचे, कारण मला पाणी भरायचं असायचं. फवारणीचं औषध त्यांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. चहाचा कप कुणाच्याही हातात जाण्याआधी त्यांच्या नाकाखालून जायचा. गावातले लोक काय, हसणारच. पारावरून कुणी ओरडायचं, "मधुदादा, आवाज देऊ काय?" मधुदादा थांबायचे, त्याच्याकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "हास बापा. हासून राह्यला म्हंजे हायेस."

हसू मलाही यायचं. पण खोटं कशाला सांगू, भीतीच जास्त होती. ती वर्षंच तशी होती. पाऊस आला तर नको तेवढा यायचा, नाहीतर तोंडच दाखवायचा नाही. कापूस घरात आला तरी घर उदास असायचं. कुठल्या गावातला कोण गेला हे सकाळच्या चहाबरोबर कळायचं, आणि कळल्यावर बाया आपापल्या नवऱ्याकडे चोरून बघायच्या. मग एके दिवशी गणेश गेला. आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून त्याचं शेत. आमच्या ह्यांचा लहानपणापासूनचा सोबती, दोघं नदीत एकत्र पोहायला शिकलेले.

त्यानंतर हे बोलेनासे झाले. बैलांशीसुद्धा गप्पा मारणारा माणूस हा, जेवताना ह्यांना "आधी घास गिळा" म्हणून सांगावं लागायचं. आता काही विचारलं तर नुसती मान हलवायची. मधुदादांना मान चालत नसे. "दिसलं म्हंजे झालं नाई, वसंता. आवाज पायजे." हे गप्प. मधुदादा तरी किती वेळ विचारणार? मग तेही ह्यांच्या मागोमाग शेतात जाऊन धुऱ्यावर बसून राहायचे. घरी माझी पाळी. हे न्हाणीत गेले की मी दारापाशी सूप घेऊन गहू निवडायला बसायची. निवडलेलेच गहू पुन्हा निवडायची. मधुदादा फाटकातून माझ्याकडे न बघता खाकरायचे, मी तांब्या वाजवायची, म्हणजे आहेत, बरे आहेत. असा आमचा पहारा चालला होता आणि दोघांनी त्याबद्दल एकमेकांना एक अक्षर विचारलं नव्हतं.

अशातच मधुदादा अकोल्याहून एक कागद घेऊन आले. मैदानावर मत्स्यालय आलं होतं. कागदावर दात विचकलेला एक भलामोठा मासा आणि वर लिहिलेलं, 'समुद्रातला राक्षस, जिवंत पाहा.' पिंकी तर नाचायलाच लागली. मधुदादा तिला म्हणाले, "तुह्या बापाले लहानपनी मास्यायचा लय नाद होता. त्याले दाखवू." आणि मग हळूच, "तुह्या मायले म्हना, तिनंबी यावं." मी चूल सारवत होते. डोळे भरून आले, धुराचं निमित्त करायला चूलही पेटलेली नव्हती.

पातूरच्या स्टँडवर एसटीत बसलो तेव्हापासून हजेरी सुरू. "पिंके?" "हाव." मग माझ्यासाठी खाकरणं. तांब्या कुठून आणू, मी बांगड्या वाजवल्या. "वसंता?" हे खिडकीबाहेर बघत होते. मधुदादांनी सीटवरून वाकून ह्यांच्या खांद्याला हात लावला आणि तो तसाच अकोल्यापर्यंत ठेवला. मागच्या सीटवरच्या बाईनं मला विचारलं, "तब्येत बरी नाही का त्यांची?" मी म्हटलं, "कोणाची?" दोघांपैकी कोणाची ते खरंच कळेना.

मत्स्यालय म्हणजे एक तंबू होता. आत गेलो आणि दिवे गेले. भारनियमनाची वेळ होती, हे त्या तंबूवाल्याला ठाऊक असणारच, पण तिकीट फाडताना बोलला नाही. जनरेटर बिघडलेला. एक माणूस हातात कंदील घेऊन आम्हाला काचेच्या पेट्या दाखवू लागला. पहिल्या पेटीत हिरवं पाणी. दुसरीत शंख. तिसरीत दोन सोनेरी मासे, असले तर पिंकीच्या मैत्रिणीच्या घरीही होते. पिंकीचं तोंड एवढंसं झालं. "राक्षस कुठाय?" ती विचारत राहिली. "शेवटी, शेवटी," कंदीलवाला म्हणाला.

शेवटी एक मोठी पेटी होती. तळाशी चिखल आणि चिखलावर हातभर लांबीचं काहीतरी काळं पडलेलं. दात नाहीत, हालचाल नाही.

"हे तं झोपलं," पिंकी रडकुंडीला आली.

"राक्षस आराम करतोय," कंदीलवाला म्हणाला आणि मागच्या लोकांना रस्ता दाखवायला कंदील घेऊन निघून गेला. आमच्याजवळ तंबूच्या कापडातून येणारा थोडासा उजेड उरला.

मधुदादा वाकून बघत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "हे हालून नाई राह्यलं," ते म्हणाले. मग त्यांनी काचेवर बोट वाजवलं. मग मूठ. "ओ. आवाज दे ना बे. ओ." माशाला म्हणत होते. दुसरा कुणी असता तर मी पोट धरून हसले असते. पण त्यांची मूठ थांबेना. "मेलं हे. कोनी पाह्यलंच नाई याच्याकडं. लाईट गेली, हवा गेली, अन् कोनाच्या ध्यानातच नाई." तंबूवाला ओरडला, काच फुटली तर भरून द्यावी लागेल. मधुदादांना ऐकूच गेलं नाही.

एकदम ते सरळ झाले. "वसंता?"

उत्तर नाही.

"पिंके?" "हाव." खाकरणं. मी बांगड्या वाजवल्या. "वसंता? वसंता, आवाज दे."

माझ्या शेजारी हे नव्हते. मागेही नव्हते. आता होते, आता नाहीत. तंबूला मागून एक दार होतं, पडदा हलत होता, पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे रेल्वेचे रूळ. पदर कुठं गेला ते कळलं नाही. मी नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नव्हतं, भासऱ्यांसमोर तर तोंड उघडलेलं नव्हतं, आणि मी सगळ्या गर्दीत किंचाळले, "वसंतराव! अहो, वसंतराव!"

"वरडू नोका."

आवाज खालून आला. पेटीच्या पलीकडच्या बाजूला हे उकिडवे बसले होते, नाक काचेला लावून. इतक्या दिवसांनी ऐकला म्हणून तो आवाज मला आधी परक्याचाच वाटला.

"मेली नाई, दादा," हे म्हणाले. "मरळ हाये थे. आपल्या नदीतली मरळ. चिखलात पडून राह्यते. श्वास घ्याले वर या लागते तिले. थांबा, येईन."

मधुदादा खाली बसले. मी बसले. पिंकी माझ्या मांडीत बसली. मागचे लोक आमच्यावर चिडून पुढे निघून गेले. मला मनातून वाटत होतं, नाही आली तर? ह्यांनी म्हटलंय येईल आणि नाही आली तर हा माणूस पुन्हा बोलेल का? देवाला मी मागायचं ते सगळं तेव्हा त्या माशासाठी मागितलं.

मग ती हलली. सावकाश वर आली, तोंड पाण्याबाहेर काढलं, टप् असा आवाज झाला आणि पुन्हा चिखलात जाऊन पडली.

"झालं," हे म्हणाले.

मधुदादा रडायला लागले. लहान पोरासारखे, नाक वाहत, उघड्यावर. ह्यांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला, त्या दोराच्या वळांवरून. पिंकीला मात्र यातलं काही पटलं नाही. राक्षस म्हणून नदीतली मरळ दाखवली, हा राग तिनं परतीच्या एसटीपर्यंत धरला. तो घालवायला ह्यांना तिला मरळ हातानं कशी धरायची ते सांगावं लागलं. गणेशनं एकदा धरलेली मरळ सदऱ्यात कशी शिरली तेही सांगितलं. गणेशचं नाव ह्यांच्या तोंडून निघालं.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मधुदादा माझ्यापासून थोडं दूर उभे होते. गाड्यांच्या पाटीकडे बघत बोलले, पण बोलले माझ्याशीच. पिंकी मध्ये नव्हती.

"म्या गन्याले हाक मारली होती. त्या दिवशी, धुऱ्यावरून. बसून होता तो, दिसला मले. त्यानं आवाज नाई देल्ला. म्या म्हटलं असंन कोनत्या रागात, दुसऱ्यांदा हाक नाई मारली. अन् घरी आलो जेवाले."

मला बांगड्याही वाजवता आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीबाहेर नेहमीची हाक आली, मी टण् केलं, "बरं" आलं. मग ह्यांची आंघोळ झाली, पिंकीची झाली. ह्यांनी आतून "हाये" म्हटलं, पडल्या आवाजात का होईना. सगळ्यांचं आटोपल्यावर मधुदादा स्वतः आत गेले. दार लोटलं. पाण्याचा आवाज आला आणि थांबला.

मी चुलीपाशी होते. एकदम ध्यानात आलं की हा माणूस आत गेला की बाहेर कुणी उभं राहत नाही. कधीच राहिलेलं नाही. बायको लवकर गेली, आई गेली. घरादाराला आवाज मागणारा माणूस आत गप्प बसलाय आणि त्याला विचारणारं कुणी नाही. आतून काही ऐकू येईना.

मी तांब्या उचलला, न्हाणीच्या दाराशी गेले आणि दगडावर वाजवला. टण्.

आत काहीच नाही. मी पुन्हा वाजवला, जोरात.

बऱ्याच वेळानं, पाण्यात बुडून वर आल्यासारखा आवाज आला. "हाव. हाये मी."

मी पदर सारखा केला आणि तोंड उघडून म्हटलं, "बरं."