नळीवरील नाण्याची मोहीम

लिहिणाराने डोळ्यांनी पाहिले ते जैसे तैसे लिहिले, कानांनी ऐकिले ते गाळून घेतले, आणि जे दोघां साडूंच्या पोटात होते ते त्यांच्या बायकांकडून खातरजमा करून मग येथे दाखल केले. सबब या हकिकतीत जो खोट काढू पाहील त्याने आधी त्या दोघी बहिणींशी जाबसाल करावा आणि त्यातून निभावला तर आमच्याकडे यावे.

वर्तमान ऐसे की, नेमबाजी मंडळाच्या तळघरात, जेथे भिंतींना जाड गाद्या ठोकिल्या आहेत आणि ट्यूबलाइटखाली सर्वांचे चेहरे पिठाचे दिसतात, तेथे दोन साडू कैक वर्षे शेजारशेजारच्या गाळ्यांत उभे राहून कागदी गनिमावर मारगिरी करीत आले. थोरले साडू, राजमान्य, जलवाहिनीधुरंधर, पाणीपुरवठ्यातील निवृत्त इंजिनिअर. त्यांचे हाती टार्गेट पिस्तूल, ज्याची लाकडी मूठ खास त्यांच्या पंजाच्या मापाने कोरिलेली. धाकटे साडू, राजमान्य, अक्कलदाढ-उन्मूलक, निवृत्त दंतवैद्य. त्यांचे हाती निळसर पोलादाचे सहा घरांचे रिव्हॉल्व्हर, ज्याला त्यांच्या बायकोने 'सवत' हा किताब बहाल केला होता.

आणि या दोन हत्यारांच्या चापावरून उभय दौलतींत हाडवैर. थोरल्यांचे म्हणणे ऐसे की, पिस्तुलाचा चाप म्हणजे अंगणातून घरात शिरणे. आधी मोकळी वाट, मग उंबरठा पायाला लागतो, तेथे क्षणभर थांबावे, आणि नुसता श्वास सोडिला की आपण घरात. धाकट्यांचे म्हणणे ऐसे की, उंबरठे लागतात पाहुण्यांना. रिव्हॉल्व्हरचा चाप म्हणजे विहिरीवरचा रहाट. एका लांब ओढीत चक्र फिरते, घोडा उठतो, पाणी वर येते आणि घागर कलंडते, मध्ये कोठे अडखळणे नाही. यावर थोरले म्हणत की, रहाट ओढून खांदे दुखतात. यावर धाकटे म्हणत की, ज्याचे दुखतात त्याने नळाखाली बादली लावावी, त्यांचे ते खातेच आहे.

आता रिव्हॉल्व्हरला दुसरीही रीत असते. घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारी ती मागची हातोडी, आधी अंगठ्याने मागे चढवून ठेविला तर चापाला ओढावे लागतच नाही, नुसता स्पर्श पुरतो. परंतु धाकट्यांनी भर सभेत, चहाचे कप साक्षीला ठेवून, फर्मान काढिले होते की, घोडा अंगठ्याने चढविणे म्हणजे चमच्याने भरवून घेणे, आणि ज्याच्या तोंडात दात आहेत त्याने ऐसे करू नये. दंतवैद्याचे फर्मान, म्हणून ते मंडळात फार गाजले. कोणी नवखा अंगठा लावू लागला की सगळे ओरडत, "चमचा, चमचा!"

ऐसे सर्व मौजेत चालले असता काळाने हिकमत केली. धाकट्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे पेर सुजू लागिले. ज्या बोटाने हजारो माणसांच्या दाढेतली ठणक नेमकी शोधिली, त्या बोटाला आता सदऱ्याचे बटण सापडेना. त्यांनी ही खबर कोणास लागू दिली नाही. फक्त सकाळी कोमट पाण्याच्या वाटीत बोट बुडवून बसत, आणि बायको आली की म्हणत, "पाणी किती गरम आहे ते बघतोय." बायको म्हणे, "रोजच?" आणि पुढे काही न विचारता वाटी पुन्हा भरून ठेवी.

आणि मंडळाचा दस्तूर मोठा कडक. पासष्टी उलटलेल्या प्रत्येक नेमबाजाने सालातून एकदा नाण्याची कसोटी द्यावी. हत्यार रिकामे; पंचबाई ते स्वतः तपासत; मग नळीवर, नेम धरण्याच्या पुढच्या खुंटीमागे, जिला माशी म्हणतात, एक नाणे आडवे ठेवीत, आणि नेमबाजाने नेम धरून चाप ओढावा. संधी तीन. एकदा तरी नाणे जागेवर राहिले तर गाळा शाबूत. तिन्ही वेळा पडले तर त्या माणसास हारतुरे देऊन भिंतीकडेच्या खुर्चीवर मानद सल्लागार म्हणून बसविण्यात येई, आणि मग तो जन्मभर इतरांना सल्ले देई व ते कोणी ऐकत नसे. धाकट्यांनी त्या खुर्चीची भारी धास्ती घेतली होती. गाळ्यात उभे राहून श्वास रोखिला की भोवतीचे जग गप्प होते. ते गप्प होणे हीच त्यांची सारी जहागीर उरली होती.

उभयतांची कसोटी एकाच दिवशी आली. दोघी बहिणीही तमाशा पाहण्यास खासा स्वारीने उतरल्या. धाकटे जिना उतरले आणि पाहतात तो भिंतीकडे, जेथे नेहमी एक खुर्ची, तेथे आज दोन. दुसरी कोणासाठी, हा विचार त्यांच्या मनात आला. परंतु बोट ठणकत होते, म्हणून विचार तेथेच राहिला.

मग धाकट्यांनी मसलत केली. एकदा थोरले चहाला गेले असता त्यांनी चोरून ते पिस्तूल ओढून पाहिले होते. काय तो उंबरठा! लोण्यातून सुरी जावी तैसे. तेव्हापासून जिभेवर निंदा आणि बोटात हाव, ऐसी त्यांची अवस्था. परंतु शत्रूचे हत्यार मागावे कैसे? इभ्रत जाते. म्हणून मागणे हे आव्हान म्हणून सादर केले. छाती काढून म्हणाले, "साडूभाऊ, एवढं कौतुक सांगता ना पिस्तुलाचं? आज हत्यारं बदलू. तुमचं खेळणं मी घेतो, माझं तुम्ही पेला. बघू कोण टिकतं."

हे ऐकताच थोरल्यांचा रंग उडाला. "नको नको," ते म्हणाले, "आज नको. आपापलंच बरं."

"का? घाबरलात?"

"घाबरतोय कशाला! मूठ माझ्या हाताची आहे. तुम्हाला बसायची नाही."

"कवळ्या बसवल्यात मी शेकडो, मूठ बसणार नाही?"

थोरल्यांनी बायकोकडे पाहिले, बायकोने छताकडे पाहिले. पंचबाई, ज्यांच्या गळ्यात शिट्टी आणि कपाळावर कायम आठी, त्यांनी दस्तूर पाहून निवाडा दिला की, हत्यार कोणाचेही चालेल आणि मध्येच बदललेलेही चालेल, परंतु दुपारी त्यांना दुसरे काम आहे. तेणेकरून रदबदली संपली.

प्रथम धाकट्यांची स्वारी. पिस्तूल हाती घेतिले, मूठ खरोखरच बसेना, तरी मिठी मारिली. पंचबाईंनी नाणे ठेविले. धाकट्यांनी श्वास रोखिला, मोकळी वाट सरली, उंबरठा लागिला, आणि त्यांनी लोण्याची वाट पाहिली. लोणी नव्हते. उंबरठ्यावर कोणी दगड रचावा तैसा चाप जड. ते ओढीत गेले, पेर पेटले, नळी थरारली, घोडा पडिला, आणि नाणे खणखणत फरशीवर जाऊन पंचबाईंच्या बुटाशी शरण आले.

मग थोरल्यांची पाळी. त्यांच्या हाताला रिव्हॉल्व्हरची सवय नव्हती आणि चमच्याचे फर्मान धांदलीत आठवले नाही. त्यांनी सरळ अंगठ्याने घोडा चढविला. नाणे ठेविले गेले. आणि ते चापाला हिसका देण्याच्या बेतात, अजून बोट नीट टेकलेही नव्हते, तोच पिकले फळ देठावरून आपोआप सुटावे तैसा घोडा सुटला. टक्. नाणे नळीवर निजले होते तैसेच निजून राहिले. सगळे हॉलभर म्हणाले, "वा!" पंचबाईंनी थोरले उत्तीर्ण म्हणून जाहीर केले.

परंतु थोरले हर्षमान जाहाले नाहीत. ते नाण्याकडे ऐसे पाहत राहिले की जैसे कोणी त्यांचा खिसा कापिला. आणि मग त्यांची नजर भिंतीकडे गेली, दुसऱ्या खुर्चीवर.

धाकट्यांनी ते पाहिले. जिंकलेल्या माणसाचे तोंड ऐसे पडत नाही, इतके त्यांना कळत होते. आयुष्यभर तोंडेच पाहिली होती. तरी दुसरी संधी घ्यावीच लागली. पुन्हा नाणे, पुन्हा उंबरठा, पुन्हा दगड. आणि या खेपेस त्यांनी चाप ओढता ओढता तो बोटाने चाचपिला, जैसी दाढ चाचपावी. आत स्प्रिंग करकचून आवळलेली. हे जुने दुखणे नव्हे, हे आजचे. कोणी तरी सकाळीच स्क्रू पिळला आहे. नाणे पडिले, ते त्यांनी पाहिलेही नाही. ते थोरल्यांकडे पाहत होते.

खुर्च्या दोन का, ते त्यांना तेव्हा उमगले. थोरल्यांनी आपलेच हत्यार आपल्याच हाताने बिघडविले होते, आपणही नापास व्हावे म्हणून. आणि धाकट्यांच्या मुत्सद्देगिरीने तो सगळा व्यूह उधळून दिला होता.

"साडूभाऊ," धाकटे हळू आवाजात म्हणाले, "दोन खुर्च्या तुम्ही सांगितल्या?"

थोरल्यांनी घसा खाकरला. आजवर ते धाकट्यांना अहोजाहो करीत. तो सरंजाम त्या क्षणी गळून पडला. "एकटा बसला असतास तर दिवसभर भांडला असतास कुणाशी? भिंतीशी?"

"आणि बोटाचं कुणी सांगितलं?"

यावर धाकट्यांच्या बायकोने पदराचे टोक फार बारकाईने तपासण्यास घेतिले.

एक संधी बाकी. धाकट्यांनी पिस्तूल खाली ठेविले आणि आपले रिव्हॉल्व्हर परत मागितले. थंड, निळे, ओळखीचे. लांब ओढ आता या बोटाच्याने होणार नाही, हे त्यांना ठाऊक होते, वाटीतल्या पाण्याला ठाऊक होते. वाट एकच उरली होती, जी थोरल्यांनी न कळत दाखविली; परंतु त्या वाटेवर त्यांचे स्वतःचे फर्मान आडवे पडिले होते. अंगठा घोड्यापर्यंत गेला आणि तेथेच थिजला. सगळा हॉल त्या अंगठ्याकडे पाहू लागिला. मागून कोणी तरी दबक्या आवाजात म्हणालेच, "चमचा..."

तेव्हा बायको बोलली. ती मोठ्याने बोलली नाही, परंतु गाद्यांच्या भिंतींतही तिचे बोलणे सर्वांस पोचले.

"अहो, चमच्याने तर चमच्याने. पण खा की!"

हॉल हसला. धाकटेही हसले, आणि हसता हसता आवळलेले खांदे सैल पडिले. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने घोडा मागे चढविला. क्लिक. पंचबाईंनी नाणे ठेविले. धाकट्यांनी श्वास रोखिला, आणि जग गप्प जाहाले, बोटाची ठणकही दाराबाहेर जाऊन उभी राहिली. त्यांनी चाप ओढिला नाही. झोपलेल्या मुलाच्या गालाला लावावे तैसे बोट लाविले. टक्.

नाणे हलले. सर्वांचे श्वास हलले. नाणे माशीला टेकले, थोडे विचारात पडिले, आणि राहिले.

पंचबाईंनी शिट्टी वाजविली, जी वाजविण्याचा दस्तूर नव्हता, आणि मग दस्तूर नव्हता हे आठवून कपाळाची आठी परत जागेवर आणिली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहाली. उभय गाळे शाबूत राहिले. चापांच्या वादात निवाडा ऐसा ठरला की, पिस्तुलाचा चाप दगा दिल्यावाचून हरत नाही, आणि रिव्हॉल्व्हरचा चाप गर्व सोडिल्यावाचून जिंकत नाही; यास थोरल्यांनी मान्यता दिली आणि धाकट्यांनी हरकत नोंदवून मान्यता दिली. चमच्याचे फर्मान रद्द करण्यात आले. पिस्तुलाचा स्क्रू धाकट्यांनी आपल्या हाताने सैल करून दिला, आणि करताना साडूंची कारागिरी, आवळणी व अक्कल या तिहींची यथासांग निंदा केली. थोरल्यांनी ती शेवटपर्यंत ऐकिली आणि फार दिवसांनी इतके बरे वाटले ऐसे बायकोस कळविले.

भिंतीकडेच्या दोन खुर्च्यांवर दोघी बहिणी बसल्या आणि पुढच्या खेपेपासून दोघांस सल्ले देऊ लागल्या. ते मात्र ऐकावे लागतात. लेखनसीमा.